ड्रोनचा मोतीबिंदू

ड्रोनला गॉगल लागतो, हे मला एका नवरदेवाच्या मामांनी शिकवलं. तोंडानं ते काही बोलले नाहीत, फक्त वरातीत नाचले. मे महिना, दुपारचे साडेबारा, बीड बायपासवरचं एक लॉन आणि डोक्यावर भुणभुणणारा माझा कोरा करकरीत ड्रोन. अकरा वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवून कंटाळलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच 'ड्रोनवाल्या मॅडम' झाले होते. घरी येऊन व्हिडिओ लावला, तर मंडप पांढराफटक, घोडा पांढराफटक, नवरीसुद्धा पांढरीफटक. आणि मामा विजेचा शॉक बसल्यासारखे तुकड्यातुकड्यांनी नाचत होते. हात वर, मग एकदम हात खाली, मधला प्रवास गायब. नवऱ्यानं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मामांना मग कुठल्या दवाखान्यात नेलं?" त्या दिवशी त्याला जेवण स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

माझा स्वभाव तापट आहे. हे मी आपणहूनच सांगते, कारण दुसऱ्यानं सांगितलेलं मला खपत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रोन पिशवीत घालून मी गुलमंडीजवळच्या एका कॅमेरा-दुकानात भांडायला गेले. दुकानातले चाचा आयुष्यभर कॅमेरे उघडून बसलेले. त्यांनी व्हिडिओ पाहिला, मामा पाहिले, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, धूप में तुम भी आंखां मिचकाते ना? ये भी मिचकाता. जल्दी जल्दी मिचकाया तो वीडियो कुदताच रहता. इसको चष्मा लगाओ." आणि त्यांनी माझ्यापुढे एक डबी ठेवली. आत कापसाच्या गादीवर नखाएवढ्या पाच काळ्या काचा होत्या. चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट.

गोष्ट साधी आहे. कॅमेऱ्याचा डोळा प्रत्येक चित्रासाठी उघडतो आणि मिटतो. ऊन फार असलं की तो पटकन मिटतो, त्यामुळे प्रत्येक चित्र सुरीनं कापल्यासारखं स्वच्छ येतं आणि एकापुढे एक लावली की माणसं उड्या मारतात. काळी काच लावली की उजेड कमी आत येतो, डोळा जरा जास्त वेळ उघडा राहतो, हलणारा हात किंचित पुसट होतो आणि तो पुसटपणाच आपल्याला सलग वाटतो. सोळाची काच उजेडाचा सोळावा हिस्सा आत सोडते, चौसष्टची चौसष्टावा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात भर दुपारी चौसष्ट, हिवाळ्यात सकाळी सोळा, ढग आले की आठ. यात अडचण एकच. ड्रोन वर गेल्यावर काच बदलता येत नाही. जे काही ठरवायचं ते खाली उभं राहून, आभाळाकडे बघून ठरवायचं.

वर्षभरात मी या विषयातली एवढी पंडित झाले की घरच्यांना माझ्यापासून लपावंसं वाटू लागलं. जेवताना खिडकीकडे बघून मी "आता बत्तीस" असं म्हणायची. लग्नाआधीचं शूटिंग हर्सूलच्या तलावावर करायचं म्हणणाऱ्या जोडप्यांना मी आधी तलावाशेजारच्या जेलची आठवण करून द्यायची आणि मग काचांचं व्याख्यान. त्यातली काही जोडपी जेलच्या नावानं घाबरली, बाकीची व्याख्यानाला.

अशातच एक दिवस दिवाळीनंतर फोन आला. बोलणारा माणूस चितेगावच्या एका कंपनीत कामाला होता. घर करमाडच्या पुढे, जालना रोडपासून आत. मी नेहमीप्रमाणे विचारलं, लग्न का साखरपुडा?

"मेंढरं," तो म्हणाला.

मी फोन ठेवणारच होते, पण त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. त्याच्या घरची दीडशे मेंढरं. दर वर्षी दिवाळी झाली की वडील, आई आणि धाकटा भाऊ ती घेऊन चारणीला निघतात, जालना रोड ओलांडतात, मग आडरानानं पैठण रोडच्या दिशेला आणि पुढे गोदाकाठी. यंदा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच कमी दिसायचं, म्हणजे जो काही भरवसा तो याच डोळ्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर धूळ नाही, ऊन नाही, वाकणं नाही, नाहीतर डोळा जाईल. पण आई ऐकायला तयार नव्हती.

"मॅडम, तिला माझ्या भावजयीचा भरवसा नाही. ती म्हणते, रस्त्यात उभं राहणं त्या पोरीला जमायचं नाही. जमलं नाही तर मी जाणारच. तुम्ही फक्त व्हिडिओ काढून तिला दाखवा."

मला तेव्हा नीटसं कळलं नाही. रस्त्यात उभं राहण्यात न जमण्यासारखं काय आहे? आमच्या शहरात निम्मे लोक तेच करतात.

मेंढरं निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी जागा बघायला गेले. अंगणात बाजेवर मावशी बसल्या होत्या, ऑपरेशननंतर देतात तो मोठा काळा चष्मा लावून. दोन्ही कडांनी झाकलेला, गाल अर्धे आत. मी ड्रोन काढून बाजेवर ठेवला आणि त्याच्या डोळ्याला काच लावली. माझ्या काचा चुंबकाच्या आहेत, जवळ नेल्या की टक् करून बसतात. मावशींनी मान पुढे काढून ते पाहिलं.

"हिचंबी आप्रेशन झालं व्हय?"

मला हसू आवरेना. "व्हय मावशी, झालं."

"कवा?"

"झाले की दिवस बरेच."

"तरी उन्हात हिंडवतीस? तुला काय बोलावं माय!" त्यांनी ड्रोनच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्या डाक्टरनं सांगितलंय, काळा चष्मा काढायचा नाय. जितका काळा तितका चांगला. पातळ काचंचा उपेग नाय."

मी डबी उघडून त्यांना पाचही काचा दाखवल्या. ही पातळ, ही त्याहून गडद, ही सगळ्यात काळी, चौसष्टची. शिकवण्याची खोड जात नाही माझी. मावशींनी चौसष्टची काच दोन बोटांत धरून सूर्याकडे केली आणि पसंतीची मान हलवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मला ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

मग मी त्यांना रस्त्यात उभं राहण्याबद्दल विचारलं आणि माझं हसू मावळलं.

जालना रोडला मधोमध डिव्हायडर आहे आणि मेंढरं काढायची ती त्यातल्या एका फटीतून. एका बाजूची वाहनं वडील अडवतात, दुसऱ्या बाजूची धाकटा मुलगा. पण मेंढरांना माणसाचं ओरडणं कळत नाही, हॉर्न मात्र कळतो. हॉर्न वाजला की ती फटीतून सरळ जायच्या ऐवजी डिव्हायडरच्या कडेकडेनं ट्रकांपुढे पळत सुटतात. म्हणून या घराची रीत अशी की घरातल्या बाईनं त्या फटीच्या मधोमध जाऊन खुंटासारखं उभं राहायचं. ओरडायचं नाही, काठी हलवायची नाही. मेंढरं तिच्याकडे बघून दोन्ही अंगांनी वाहत जातात. शेवटचं मेंढरू जाईपर्यंत बाईनं हलायचं नाही. बाई हलली की कळप फुटला.

"तीस वर्सं मी उभी ऱ्हायले तिथं," मावशी म्हणाल्या. "आन ही पोरगी! तव्यावर भाकर टाकती आन दारात जाऊन येती. निवडायला बसली तर चारदा उठती. हिचा पाय एका जागी ठरतच नाय. उद्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजविला की ही सगळ्यात आधी पळंल, मेंढरं मागून."

सून चुलीपाशी होती. बाविशीची असेल, सडपातळ. हे सगळं तिला ऐकू जात होतं, आणि तेवढ्यात ती खरोखरच तव्यावर भाकरी ठेवून दारात डोकावून गेली. मला तिची दया आली आणि रागही आला. मी मनात म्हटलं, बाई, निदान आता तरी उठू नको ना गं.

"मला एवढंच दाव," मावशी म्हणाल्या. "हलली का नाय. हलली असंल तर मी परवा एस्टीत बसून त्यांना गाठणार. डोळा ऱ्हातो का जातो ते बघू मग. मेंढरं तर ऱ्हातील."

मला फोन करणारा त्यांचा मोठा मुलगा माझ्याकडे बघत उभा होता. त्याला काय हवं होतं ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास मी अंगणात हजर होते. मेंढरं कंपन्यांच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत रस्त्यापलीकडे गेली पाहिजेत, असा हिशोब. मी आभाळाकडे बघितलं. स्वच्छ. सोळाची काच लावली, ड्रोन बाजेवर ठेवला, डबी शेजारीच उघडी राहिली, आणि मी चुलीपाशी चहा घ्यायला गेले. चहा अर्धा झाला नाही तोच मोठा मुलगा धावत आला. "मॅडम, निघाली मेंढरं! बाबांनी लवकर काढली!" मी कप तसाच ठेवला, ड्रोन उचलला, त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले आणि रस्त्याच्या अलीकडच्या शेतात उतरले. कळपाचं तोंड डांबराला लागलं होतं. मी ड्रोन खाली ठेवला आणि उडवला.

पडदा काळा.

आधी वाटलं, माझ्याच हातातला पडदा मंद झालाय. तो पूर्ण उजळ केला. तरी काळाच. मग मी कॅमेऱ्याचे आकडे चढवत गेले, तेव्हा कुठे चित्र उगवलं, पण मूठभर वाळू फेकून मारल्यासारखं. मेंढरं कुठली आणि खडी कुठली ते कळेना. मला वाटलं कॅमेराच मेला. खाली उतरवून तपासायचं, तर निदान तीन-चार मिनिटं जाणार, आणि कळप दोन-अडीच मिनिटांत पलीकडे जाणार होता. परत बोलवून पुन्हा रस्ता ओलांडायला लावू शकत नव्हते. हे काही हार घालण्याचं शूटिंग नव्हतं. मी त्या सकाळी ज्या शिव्या दिल्या त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. मोठा मुलगा आदरानं दोन पावलं मागे सरकला.

व्हिडिओचा नाद सोडून मी फोटोवर गेले. फोटोत डोळा हवा तितका वेळ उघडा ठेवता येतो. कॅमेऱ्यानं स्वतःच ठरवलं: एक सेकंद. दिवसाउजेडी सेकंदभर! कुणी ऐकलं तर वेड्यात काढेल. पण दुसरा इलाज नव्हता. वारा नव्हता, ड्रोन हवेत खिळा ठोकल्यासारखा थांबलेला. मी बटण दाबत राहिले, एकामागून एक, शेवटचं मेंढरू जाईपर्यंत. बावीस फोटो झाले.

मध्येच एका ट्रकवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला. मी पडद्यावरून नजर काढून रस्त्याकडे पाहिलं, तर मेंढरांची एक लाट आडवी उसळलेली आणि एक एडका सुनेच्या मांडीला घासून गेलेला. तिचं पुढे काय झालं ते धुळीत मला नीट दिसलं नाही. कळप पलीकडे उतरला एवढं दिसलं.

ड्रोन खाली आला. मी त्याच्या डोळ्याकडे बघितलं आणि सगळं लख्ख कळलं. सोळाच्या काचेवर चौसष्टची काच टक् करून बसलेली होती. सोळाव्या हिश्शाचा पुन्हा चौसष्टावा हिस्सा. हजारात एक थेंब उजेड. आणि हे कुणी केलं ते विचारायला मला जावं लागणार नव्हतं.

तरी मी गेले. तरातरा गेले. अंगणात पाय ठेवताच ओरडले, "मावशी, काच तुम्ही लावली?"

"व्हय तर," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तू लई पातळ लावली होतीस. आन सूर्य समोरून येतोय सकाळचा. डोळा गेला असता की बिचारीचा."

एखाद्यावर तोंडसुख घ्यायला तोंड उघडावं आणि त्यात कुणीतरी साखर घालावी, तसं झालं माझं. या बाई स्वतःचा डोळा घालवायला निघाल्या होत्या आणि माझ्या ड्रोनच्या डोळ्याची काळजी करत होत्या. मी बाजेच्या कडेवर बसले. चहा पुन्हा गरम करून आला, तो मुकाट्यानं प्यायले. मोठ्या मुलाचा चेहरा मात्र पार उतरला होता. व्हिडिओ नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे परवाची एस्टी.

"फोटो आहेत," मी म्हटलं. "पण कसे आलेत देव जाणे."

टॅबलेटवर पहिला फोटो उघडला. मला स्वतःलाच क्षणभर ओळखू येईना. डांबराच्या काळ्या पट्ट्यावर एकही मेंढरू नव्हतं. नुसता पांढरा-तपकिरी ओघ होता, या शेतातून त्या शेतात जाणारा.

मावशींनी टॅबलेट मांडीवर घेतला, नाकाजवळ नेला, लांब धरला. "माझी मेंढरं कुठंयत? हे काय सांडलंय रस्त्यावर? दूध?"

"मावशी, हीच मेंढरं. काच फार काळी झाली ना, म्हणून ड्रोनला एक अख्खा सेकंद डोळा उघडा ठेवावा लागला. त्या सेकंदात जे जे हललं ते सगळं पुसलं गेलं. मेंढरं पळत होती, ती पुसली."

"आन हे?" त्यांनी बोट ठेवलं.

ओघाच्या बरोबर मध्ये, डिव्हायडरच्या फटीत, हिरव्या लुगड्यातली सून उभी होती. टाचणी रोवावी तशी. हाताची बोटं मोजता यावीत इतकी स्पष्ट. पांढरा ओघ तिच्यापाशी येऊन दोन अंगांनी फुटत होता आणि तिच्या पाठीमागे पुन्हा एक होत होता.

"ती पुसली नाही," मी म्हटलं. "हलली नाही म्हणून."

"फुडचा," मावशी म्हणाल्या. मी पुढचा दाखवला. मग त्याच्या पुढचा. प्रत्येक फोटोत ओघ वेगळा, मागच्या वाहनांची तोंडं वेगळी, वडील एकात धुरकट तर एकात अर्धेच, आणि बाई तिथल्या तिथे. मग हॉर्नचा फोटो आला. ओघ वाकडा झाला होता, एक जाड तपकिरी फराटा थेट तिच्या अंगावर जाऊन आपटला होता. तिच्या पदराचं टोक तेवढं विस्कटलं होतं. पाय जिथल्या तिथे होते.

तो फोटो मावशींनी फार वेळ पाहिला. मग मुलाला म्हणाल्या, "तिला फोन लाव."

मला वाटलं, आता शाबासकी. मुलानं फोन लावून मोठ्या आवाजावर केला. पलीकडे मेंढरांचा कालवा होता. सुनेनं "आत्याबाई" म्हटलं आणि लगेच, ओरडा बसायच्या आधीच, घाईघाईनं बोलत सुटली, "मी हलले नाय आत्याबाई. एडका आला अंगावर, तरी हलले नाय. खरंच. मामांजींना इचारा."

"ठावं हाय मला," मावशी म्हणाल्या. "मी हलायचे."

मावशी तशाच पुढे बोलत राहिल्या.

"ट्रकचा भोंगा झाला की माझा पाय मागं सरकायचा. एकच पाऊल. तीस वर्सं. कुणाच्या ध्यानात आलं नाय. दोन कोकरं गेली त्यात. मी म्हनले, मेंढरं बिथरली."

मोठा मुलगा मान खाली घालून उभा होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"आत्याबाई..."

"ऐक. चितेगावाच्या अलीकडं पैठण रोड लागंल. तिथं लई गाड्या असत्यात. मामांजींना म्हनावं, हिला मधी उभं करा." त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला. "तुझ्यावानी उभी ऱ्हा, माझ्यावानी नको. मी नाय येत."